क्वोलनं भ्यावं कुणाला?

मुलांनो, शिकारी म्हटलं की तुम्हाला वाघ आठवतो, फार तर बिबट्या. आज मी ज्या शिकाऱ्याची गोष्ट सांगणार आहे, त्याचं वजन आहे अर्धा ते पाऊण किलो. नर जरा भारी, एखादा किलोभराचाही. मादी अर्ध्या किलोच्या आतबाहेर. पण दात असे धारदार आणि हिंमत अशी दांडगी, की समोर आलेल्या कुठल्याही लहानशा जिवावर झडप घालायला तो मागेपुढे पाहत नाही. त्याचं नाव क्वोल. ही हिंमतच त्याच्या मुळावर कशी आली, ते ऐका.

नकाशात ऑस्ट्रेलिया काढा. अगदी वर, उत्तरेच्या टोकाला डार्विन नावाचं शहर दिसेल. तिथून पूर्वेकडे गेलात की काकाडूचं राष्ट्रीय उद्यान लागतं आणि त्याच्या शेजारी आर्नहेम लँडचं वालुकाश्माचं पठार. उभे कडे, खोल घळी, जागोजागी कपारी. या खडकांच्या आश्रयानं माणसं हजारो वर्षांपासून राहत आली आहेत. त्यांनी काढलेली जनावरांची चित्रं आजही भिंतींवर दिसतात. वर्षातले काही महिने धो धो पाऊस, उरलेले महिने खणखणीत कोरडे. अशा एखाद्या कपारीत, नाहीतर झाडाच्या ढोलीत, क्वोल दिवसभर झोपलेला असतो. अंधार पडला की आधी गुलाबी टोकदार नाक बाहेर येतं, मग मोठे काळेभोर डोळे, मग तपकिरी अंग आणि त्यावरचे पांढरे ठिपके. शेपूट मात्र बिनठिपक्यांचं. तळपायांना खरखरीत वळ्या असतात, त्यामुळे उभ्या कड्यावरूनही तो सरसर चढून जातो.

क्वोल शिशुधानी प्राण्यांपैकी. म्हणजे कांगारूच्या मोठ्या कुळातला, ज्यांची पिल्लं अर्धवट वाढलेली जन्मतात आणि पुढची वाढ आईच्या अंगावर चिकटून करतात. कांगारू गवत खातो, क्वोल मांस खातो. ऑस्ट्रेलियात क्वोलच्या 4 जाती आहेत आणि न्यू गिनी बेटावर 2. टास्मानियन डेव्हिल हा त्यांचा थोरला भाऊबंद. 1936 मध्ये होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ज्याचा शेवटचा ज्ञात प्राणी मेला तो थायलसीन, पाठीवर पट्टे असलेला, हाही याच गणातला. ऑस्ट्रेलियातल्या 4 क्वोलांमध्ये सगळ्यात लहान आणि, माझ्या मते, सगळ्यात विलक्षण तो हा उत्तरेकडचा.

हा खातो काय? नाकतोडे, भुंगे, पाली, सरडे, उंदीर, पाखरं, त्यांची अंडी. पिकलेली फळंही खातो. आणि बेडूक खातो. बेडूक त्याला फार आवडतात. हे नीट ध्यानात ठेवा.

आता त्याच्या आयुष्याचं सांगतो, कारण असं आयुष्य दुसऱ्या फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला येतं. क्वोलचा नर जन्मतो, वाढतो, साधारण वर्षाचा होतो आणि मग विणीचा हंगाम येतो, जून-जुलैच्या सुमारास. तिकडे तेव्हा हिवाळा असतो, हवा कोरडी. या हंगामात नराला दुसरं काही सुचत नाही. तो मादी शोधत फिरतो, रात्रभर फिरतो आणि दिवसाही फिरतो. खाण्याकडे लक्ष नाही, अंगावर गोचिड्या चढल्या तरी त्या काढायला सवड नाही. अंगावरचे केस झडतात, वजन उतरतं. हंगाम संपेपर्यंत जवळपास सगळे नर मरून जातात. वर्षभरात एकदाच वीण आणि लगेच मृत्यू! काही किडे असे असतात, सामन मासे असे असतात. पण सस्तन प्राण्यांमध्ये हे अगदी दुर्मीळ, आणि असं जगणाऱ्यांतला सगळ्यात मोठा सस्तन प्राणी म्हणजे हा क्वोल.

तो इतका का झिजतो, याचा शोध घ्यायला काही शास्त्रज्ञ कार्पेंटारियाच्या आखातातल्या ग्रूट आयलंड या मोठ्या बेटावर गेले. त्यांनी क्वोलांच्या पाठीवर इवलीशी यंत्रं बांधली. हालचाल झाली की यंत्रात नोंद होणार. 2023 मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं, ते वाचून मी थक्क झालो. मॉयमॉय नावाचा एक नर एका रात्रीत 10.4 किलोमीटर चालला. केलेस नावाचा दुसरा 9.4 किलोमीटर. पायांची लांबी बघा आणि अंतर बघा! आणि माद्या आपल्या वेळापैकी सुमारे 24 टक्के वेळ विश्रांती घेत होत्या, तर नर जेमतेम 8 टक्के. म्हणजे हा बिचारा झोपच विसरतो. झोप नाही म्हणून सावधपणा नाही, सावधपणा नाही म्हणून शिकाऱ्यांच्या आणि गाड्यांच्या तावडीत सापडणं सोपं. नर मरण्यामागे झोपमोडीचा मोठा हात असावा, असं या शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे.

तुम्ही विचाराल, आजोबा, मग मादीचं काय? मादी जगते. दोन वर्षं, नशीब चांगलं असेल तर तीन. तिची पिशवी कांगारूसारखी खोल नसते. विणीच्या दिवसांत पोटाच्या कातडीच्या वळ्या फुगून कडेनं उभ्या राहतात आणि मधे एक उथळ जागा तयार होते, एवढंच. गर्भ पोटात राहतो जेमतेम 3 आठवडे. जन्मलेलं पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं असतं, डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत. पण पुढचे पाय बळकट. त्या पायांनी ते आईच्या केसांतून सरपटत थानापर्यंत जातं आणि तोंडात धरतं. आईला थानं साधारण 8. क्वोल मंडळींत कधीकधी थानांपेक्षा जास्त पिल्लं जन्मतात. ज्याला थान मिळालं नाही, त्याची गोष्ट तिथेच संपते. ऐकायला कठोर वाटतं, मला माहीत आहे. पण ज्यांना थान मिळतं, ती दोन महिने तिथेच लोंबकळत वाढतात. मग आई त्यांना कपारीत ठेवून शिकारीला जाते, आणि एका कपारीतून दुसऱ्या कपारीत हलवत राहते. पावसाळा सुरू होऊन किडामुंगी भरपूर झाली, की पिल्लं आपलं आपण खाऊ लागतात.

आता जरा डोकं चालवा. वीण संपली, नर मेले. म्हणजे सप्टेंबरच्या सुमारास त्या डोंगरात मोठा नर जवळपास औषधालाही नाही. आहेत फक्त माद्या आणि त्यांच्या पोटाशी चिकटलेली पिल्लं. पुढच्या वर्षीचे सगळे बाप त्या पिल्लांमध्ये आहेत. एखादं वर्ष माद्यांवर संकट आलं, तर दुसऱ्या वर्षी ती कसर भरून काढायला मागे कुणी उरत नाही. हत्ती पन्नास-साठ वर्षं जगतो, एखादं वाईट वर्ष सोसू शकतो. क्वोलला ती सोय नाही.

आणि तसं संकट आलं. ते कुठून आलं, हे सांगायला मला तुम्हाला उसाच्या शेतात न्यावं लागेल.

आपल्याकडे सांगली-कोल्हापूरला, नगरला विचारा, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला सगळ्यात जास्त कशाचा धसका? हुमणीचा. पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे घोंघावतात, पाला खातात, मिलन करतात. मादी जमिनीत अंडी घालते आणि त्यातून निघालेली पांढरी अळी उसाची मुळं कुरतडते. उभा ऊस पिवळा पडून कोलमडतो. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातही ऊस होतो आणि तिथेही याच तऱ्हेचे भुंगेरे आहेत, जात वेगळी, उपद्व्याप तोच. शंभर वर्षांपूर्वी तिथले ऊसवाले या किडीनं टेकीला आले होते. तेव्हा कुणाला तरी सुचलं की दक्षिण आणि मध्य अमेरिकेत एक मोठा भेक असतो, केन टोड, तो किडे खातो. पोर्टो रिकोत नेला, तिथून हवाईत नेला, आपणही आणू. 1935 मध्ये रेजिनाल्ड मंगोमेरी नावाच्या कीटकतज्ज्ञानं हवाईहून शंभरएक टोड आणले. त्यांची पैदास केली आणि त्याच वर्षी गॉर्डनव्हेल भागातल्या उसाच्या मळ्यांत हजारोंनी लहान टोड सोडले. वॉल्टर फ्रॉगॅट नावाच्या एका जुन्या जाणत्या कीटकतज्ज्ञानं तेव्हाच कळकळीनं विरोध केला होता. काही महिने सरकारनं टोड सोडायला बंदीही घातली. 1936 मध्ये ती उठली.

टोडनं हुमणी संपवली का? नाही. भुंगेरा झाडावर किंवा उसाच्या शेंड्याकडे, अळी जमिनीखाली आणि टोड जमिनीवर. गाठच पडत नाही! हे आधी कुणी शेतात बसून पाहिलं असतं, तर केवढा अनर्थ टळला असता. भुंगेरे राहिले आणि टोडही राहिले. एक मादी एका वेळी 8 हजार ते 30 हजार अंडी घालते. सांगा, काय होईल?

टोड खायला वाईट. खांद्याशी, कानांच्या मागे दोन फुगीर ग्रंथी असतात, त्यातून पांढरट चिकट विष पाझरतं. हे विष हृदयावर जातं. आपल्या पेशींच्या भिंतींत इवलेसे पंप असतात, सोडियम बाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे. या पंपांच्या जोरावर हृदयाचे ठोके तालात पडतात. टोडचं विष हे पंपच बंद करतं. अंडी विषारी, डोंबकुळ्याही विषारी.

ज्या देशांत भेक पूर्वीपासून आहेत, तिथल्या अनेक प्राण्यांनी या विषाशी जुळवून घेतलं आहे. आशियातल्या घोरपडींच्या कुळात तो पंप किंचित वेगळ्या घडणीचा झालेला आढळतो, विष त्याला नीट चिकटत नाही. ऑस्ट्रेलियात बेडूक पुष्कळ, पण भेकांच्या कुळातला एकही प्राणी मुळात नव्हता. लाखो वर्षं नव्हता. त्यामुळे तिथल्या घोरपडींना ते संरक्षण नाही, तिथल्या अनेक सापांना नाही आणि क्वोललाही नाही. मुख्य म्हणजे त्याला भीतीच नाही. त्याच्या लेखी टोड म्हणजे एक मोठा, संथ, पकडायला सोपा बेडूक. तो झडप घालतो, चावतो, आणि थोड्याच वेळात मरतो. हेच शिकायचं तर एकदाच शिकता येतं, आणि शिकलेला जिवंत राहत नाही.

टोड पश्चिमेकडे सरकत राहिले. सुरुवातीला वर्षाला दहाएक किलोमीटर. पुढे पुढे वेग वाढला, पन्नासच्याही वर गेला. का वाढला माहीत आहे? 2006 मध्ये रिक शाइन, बेन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की पसरणीच्या अगदी पुढच्या फळीतल्या टोडांचे पाय मागच्यांपेक्षा लांब आहेत. जे जास्त चालतात तेच पुढे पोचतात, तिथे त्यांची आपसांत वीण होते, पोरं आणखी लांब पायांची. सत्तर वर्षांत एका प्राण्याचा देह बदलला! उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, असं तुमच्या पुस्तकात असेल. ते नेहमीच खरं नसतं.

2001 मध्ये टोड काकाडूत पोचले. जिथे रात्री पिंजरे लावले की क्वोल हमखास सापडायचे, तिथले पिंजरे टोड आल्यावर रिकामे राहू लागले. काही ठिकाणी वर्षभरात सगळा शुकशुकाट. वाघ कमी होतात तेव्हा त्यामागे शिकारी असतात, बंदुका असतात, तोडलेलं जंगल असतं. इथे जंगल होतं तसं उभं होतं, खडक जागेवर होते, क्वोल तेवढे नाहीसे झाले. 2005 मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारनं उत्तरेकडच्या क्वोलची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीतही तो संकटग्रस्तच आहे.

त्याआधीच काही माणसांनी धावपळ सुरू केली होती. विचार साधा: टोडला समुद्र सहज ओलांडता येत नाही, तेव्हा काही क्वोल बेटावर नेऊन ठेवू. आर्नहेम लँडच्या किनाऱ्याजवळ ॲस्टेल आणि पोबासू नावाची दोन बेटं आहेत. ही बेटं योल्ङू लोकांची, पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या मालकीची. त्यांच्या संमतीनं आणि मार्थकाल वनरक्षकांच्या मदतीनं 2003 मध्ये 64 क्वोल या बेटांवर सोडले. तिथे टोड नाहीत, डिंगो नावाचे रानकुत्रे नाहीत, मांजरं नाहीत. क्वोल फोफावले. थोड्या वर्षांत 64 चे हजारो झाले. काम फत्ते, असं कुणालाही वाटलं असतं.

बेटावर वाचले, पण घरी कसे परतणार? घरी तर टोड ठाण मांडून बसलेले. मग शास्त्रज्ञांनी क्वोलांची शाळा काढली, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. तुमच्यापैकी कुणाला कधी एखादा पदार्थ खाल्ल्यावर उलट्या झाल्या असतील. पुढे त्या पदार्थाचा नुसता वास आला तरी पोटात ढवळतं, हो ना? मेंदूनं तो वास आणि ती मळमळ यांची गाठ बांधून टाकलेली असते. हीच गाठ क्वोलच्या मेंदूत बांधायची असं ठरलं. जीव जाणार नाही इतका लहानसा मेलेला टोड घ्यायचा, त्यात थायाबेंडाझोल नावाचं औषध घालायचं. त्याला चव नाही, पण खाल्लं की मळमळतं. क्वोल तो टोड खातो, त्याला कसंनुसं होतं, मग बरं वाटतं. पुन्हा जिवंत टोड समोर ठेवला तर तो नाक मुरडून मागे सरतो. जोनाथन वेब, स्टेफनी ओडॉनेल आणि रिक शाइन यांनी 2010 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. शिकवलेले आणि न शिकवलेले असे दोन्ही गट त्यांनी जंगलात सोडले होते. न शिकवलेले टोड खाऊन पटापट मेले. शिकवलेले त्यांच्यापेक्षा जास्त दिवस तगले. पुढे शिकवलेल्या काही माद्यांनी जंगलात पिल्लंही वाढवली आणि त्या पिल्लांतली काही टोडांच्या मुलखात जगली.

नंतर टोडच्या मांसाचे सॉसेज निघाले. विष नसलेलं मांस, त्यात तेच औषध. पश्चिमेला किंबर्ली नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे टोड पोचण्याआधीच हे सॉसेज रानात टाकून क्वोलांना सावध करण्याचे प्रयोग झाले. संकट येण्याआधीच शाळा! याच किंबर्लीत घोरपडींसाठी दुसरी युक्ती झाली. मोठे टोड येण्याआधी अगदी लहान टोड सोडायचे. घोरपड ते खाते, आजारी पडते, पण मरत नाही. मोठा टोड दिसला की वाट बदलते. बलंगारा वनरक्षक आणि शास्त्रज्ञ यांनी हे काम खांद्याला खांदा लावून केलं.

झालं, आता बेटावरचे क्वोल शिकवून काकाडूत सोडायचे, एवढंच उरलं होतं. त्यांना टोड टाळायला शिकवलं आणि 2016 च्या सुमारास घरी आणलं. टोडनं त्यांना मारलं नाही. त्यांना डिंगोंनी मारलं. एकामागून एक.

का? क्रिस जॉली आणि सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. त्यांनी बेटावरच्या क्वोलांची आणि मुख्य भूमीवरच्या क्वोलांची पिल्लं बंदिवासात वाढवली. दोन्ही गटांतल्या एकाही पिल्लानं डिंगो किंवा मांजर कधी पाहिलं नव्हतं. मग खाण्याच्या जागी या शिकाऱ्यांचा वास ठेवला. मुख्य भूमीवरच्या क्वोलांची पिल्लं तिथून बिचकून लांब राहिली. बेटावरच्यांची पिल्लं बिनधास्त खायला गेली. भीती आईनं शिकवलेली नव्हती, ती रक्तातून आलेली होती, आणि बेटावरच्यांच्या रक्तातून ती निघून गेली होती. किती काळात? 13 पिढ्यांत. क्वोलची पिढी वर्षाची, म्हणजे 13 वर्षांत. डिंगो ऑस्ट्रेलियात येऊन साडेतीन हजार वर्षं तरी झाली असतील. त्या सगळ्या काळात जपलेला सावधपणा बेटावरच्या सुखानं 13 वर्षांत पुसला गेला.

मला हा शोध फार महत्त्वाचा वाटतो. आपण प्राणी वाचवायला निघतो, तेव्हा आकडे मोजतो: इतके होते, इतके झाले. बेटावर आकडा उत्तम होता. पण क्वोल म्हणजे नुसता ठिपक्यांचा देह नाही, कुणापासून पळायचं आणि कुणावर झडप घालायची हे ज्ञानही क्वोलच आहे. ते ज्ञान गेलं की अंगावरचे ठिपके तेवढे उरतात. बेटं निरुपयोगी ठरली, असं मात्र मी म्हणणार नाही. ती नसती तर शिकवायला फार थोडे क्वोल उरले असते. पण तिथे ठेवताना किती पिढ्या ठेवायचं, याचा हिशेब पुढच्या वेळी करावाच लागेल.

आता एक चांगली बातमी. क्वीन्सलँडमध्ये, जिथे टोड सगळ्यात आधी आले, तिथे काही खडकाळ डोंगरांत क्वोल आजही आहेत. कित्येक दशकं टोडांच्या शेजारी राहून आहेत. ते विष पचवत नाहीत. ते टोड खातच नाहीत. एला केली आणि बेन फिलिप्स यांनी पाहिलं की या क्वोलांची बंदिवासात जन्मलेली, कधी टोड न पाहिलेली पिल्लंही टोडला तोंड लावत नाहीत. दुसऱ्या भागातल्या भोळ्या क्वोलांशी त्यांचा संकर केला, तरी पोरांत ती नावड उतरते. तिथल्या क्वोलांत थोडे निवडखोर जीव आधीपासून असणार. बाकीचे मेले, हे उरले, आणि त्यांचीच वंशावळ पुढे चालली. मग कल्पना निघाली: जिथे टोड अजून यायचे आहेत, तिथल्या क्वोलांमध्ये असे थोडे निवडखोर आधीच मिसळायचे. 2017 मध्ये डार्विनच्या पश्चिमेला इंडियन आयलंड नावाच्या बेटावर तसा प्रयोग झाला. तिथे टोड आधीच आहेत, म्हणजे परीक्षा खरीखुरी.

इतर प्राण्यांनीही वाटा काढल्या आहेत. आपल्या आकाशात घिरट्या घालते ना घार, तीच जात ऑस्ट्रेलियातही आहे. तिथे ती रस्त्यावर चिरडलेल्या टोडची फक्त जीभ ओढून खाते, कारण जिभेत विष नगण्य. राकाली नावाचा पाणउंदीर मोठ्या टोडची छाती फाडून काळीज आणि यकृत तेवढं काढतो. क्वोलच्या वाट्याला अशी नाजूक कारागिरी आली नाही. तो मान धरतो, आणि विषाच्या थैल्या नेमक्या तिथेच.

टोड हा एकटाच वैरी नाही, हेही सांगायला हवं. उशिरा, कडक उन्हाळ्यात लागलेल्या वणव्यांनी गवत जळून जातं. आडोसा गेला की मांजर आणि डिंगो उघड्यावर शिकार करतात. तिथले मूळ रहिवासी पूर्वापार कोरड्या हंगामाच्या सुरुवातीलाच, गवतात ओल असताना, थोडं थोडं जाळून घेत आले आहेत. त्यामुळे पुढचे मोठे वणवे अडतात. आज अनेक भागांत वनरक्षक पुन्हा तसंच करतात.

तर मग क्वोल वाचणार का? मला वाटतं, वाचेल. पण सगळीकडे वाचणार नाही, आणि आपोआप तर मुळीच नाही. ग्रूट आयलंडवर टोड नाहीत. तिथे येणाऱ्या मालात एखादा टोड लपून येऊ नये म्हणून वास घेणारी कुत्री तैनात केलेली आहेत. आणि अगदी पश्चिमेला पिलबारा नावाचा लाल डोंगरांचा मुलूख आहे, तिथे क्वोल अजून भरपूर आहेत. किंबर्लीहून पिलबाराला जायचं तर टोडांना एका चिंचोळ्या पट्टीतून जावं लागतं: एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला ग्रेट सँडी वाळवंट. कोरड्या दिवसांत टोडला दर थोड्या दिवसांनी पाण्यात बसावंच लागतं, नाहीतर तो सुकून मरतो. त्या पट्टीत नैसर्गिक पाणी फारसं नाही. आहेत ती गुरांसाठी बांधलेली तळी आणि हौद. संशोधकांनी हिशेब मांडला की असे शंभरएक पाणवठे टोडला शिरता येणार नाही असे बांधून काढले, मातीच्या तळ्यांऐवजी बंद टाक्या केल्या, गळती थांबवली, तर टोड ती पट्टी ओलांडू शकणार नाहीत. गुरांना पाणी मिळेल, टोडांना मिळणार नाही. हे काम पशुपालक, वनरक्षक आणि त्या जमिनीचे मूळ मालक यांनी मिळून करायचं आहे. टोडची पुढची फळी पट्टीच्या तोंडाशी पोचण्याआधी ते पुरं व्हायला हवं, आणि ती फळी दर पावसाळ्यात आणखी थोडी दक्षिणेला सरकते आहे.